आसनगावचा वेग आणि व्यापाऱ्याचे घड्याळ

नाशिककडून माल घेऊन येणारी मालमोटार कसारा घाट दमाने उतरते. ब्रेक तापू नयेत म्हणून जाणता ड्रायव्हर गाडी खालच्या गिअरमध्येच ठेवतो. पुढे पडघा सोडल्यावर भिवंडीच्या अंगाला किती वेळ जाईल याचा भरवसा नसतो. माजिवडा ते वडपे रुंदीकरणाचे काम निघाल्यापासून तिथे तासन् तास अडकून पडण्याचा अनुभव आमच्या पुष्कळ वाचकांना आला आहे. या दोन अडचणींच्या मधे खर्डी, आटगाव, आसनगाव, वासिंद असा त्यामानाने मोकळा पट्टा लागतो. घाटात गेलेला वेळ भरून काढायचा आणि कोंडीत जाणाऱ्या वेळेची आगाऊ तजवीज करायची, तर ती याच पट्ट्यात. म्हणून गाड्या इथे सुटतात.

आणि नेमके इथेच आसनगाव आहे. स्टेशन एकीकडे आणि तालुक्याचे गाव शहापूर दुसरीकडे. पहाटेची लोकल पकडणारा चाकरमानी, कॉलेजला जाणारी मुले, भेंडीच्या पाट्या घेऊन निघालेला शेतकरी या सर्वांना महामार्गाशी गाठ घालावीच लागते. रस्त्याच्या कडेने चालणाऱ्या माणसाला ताशी ८० आणि ताशी १०० यांतला फरक काट्यावर वाचता येत नाही, पण अंगावर येणाऱ्या वाऱ्यावरून तो बरोबर कळतो.

महामार्गावरची वेगमर्यादा सैल करावी की आवळावी, हा वाद वाहतूक धंद्यात जुना आहे. काही गाडीमालक म्हणतात, वडपे ते गोंदे रस्ता चौपदरी होऊन दशकाहून अधिक काळ लोटला, गाड्यांची इंजिने सुधारली, ब्रेक सुधारले, मग ट्रकला ८० चीच मर्यादा का? गावकऱ्यांचे म्हणणे नेमके उलट असते. त्यांना ८० सुद्धा जास्त वाटतात. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, पण आमच्या मते दोघेही पाटीकडे पाहतात, आणि वेग ठरतो दुसरीकडेच.

आधी कायदा पाहू. केंद्र सरकारने एप्रिल २०१८ मध्ये अधिसूचना काढून वेगाच्या कमाल मर्यादा वाढवल्या. दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर मोटारीला ताशी १०० किलोमीटर आणि द्रुतगती मार्गावर १२० ठरले. मालवाहू गाडीला मात्र दोन्ही ठिकाणी ८० च. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा शहापूर तालुक्यातून सुरू झाला, तेव्हा आता माल उडतच येणार अशा गप्पा बाजारात ऐकू आल्या. घाट टळला, वेळ वाचला, हे खरे. पण नव्या रस्त्यावरही ट्रकची मर्यादा ८० हीच आहे. उलट १२० ने येणारी मोटार आणि ८० ने चालणारा ट्रक यांच्यात तिथे ४० चा फरक पडतो. म्हणजे मोटार दर सेकंदाला ११ मीटरने ट्रकच्या पाठीवर येते. अशा रस्त्यावर मागचा दिवा बंद असलेली गाडी काढणे म्हणजे काय, हे मालकांनीच समजून घ्यावे.

शिवाय २०१५ च्या ऑक्टोबरपासून नव्या मालवाहू गाड्यांना वेग बांधणारे यंत्र सक्तीचे झाले. साधारण मालमोटारीला ८० आणि डंपर, टँकर, स्कूलबस यांना ६०. हे यंत्र पासिंगच्या दिवशी चालू असते. नंतर त्याची वायर कोण काढतो आणि कोणाच्या सांगण्यावरून काढतो, ते आम्ही सांगायला नको.

आता हिशेब. कसाऱ्याच्या पायथ्यापासून पडघ्यापर्यंतचे अंतर ढोबळमानाने ६० किलोमीटर धरू. ताशी ८० ने ४५ मिनिटे लागतात, १०० ने ३६. वाचली ९ मिनिटे, आणि तीही वाटेत एकदाही ब्रेक लागला नाही तर. ही ९ मिनिटे भिवंडीच्या अलीकडे एका सिग्नलात बुडतात. त्या बदल्यात काय जाते? १०० च्या वेगाने जाणाऱ्या गाडीत ८० च्या मानाने दीडपटीहून जास्त जोर असतो, आणि तो सगळा ब्रेकने जिरवावा लागतो. ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद गेला, तर गाडी २२ ऐवजी २८ मीटर पुढे गेलेली असते. डिझेल आणि टायर वेगळेच.

अपघात झालाच तर तिऱ्हाइताची भरपाई विमा कंपनी देईल, असे मालक म्हणतो. देईलही. पण जप्त झालेली गाडी पोलीस ठाण्याच्या आवारात उभी असताना बँकेचा हप्ता विमा कंपनी भरत नाही. ड्रायव्हरच्या घरची चूल तर कोणाच्याच खात्यात धरलेली नसते.

मग हे ९ मिनिटांचे वेड येते कुठून? ते येते मुदतीतून. भाजी पहाटेच्या लिलावाआधी वाशीच्या बाजारात लागली पाहिजे, कंटेनर न्हावा शेवाचे गेट बंद होण्याआधी आत गेला पाहिजे, पार्सल भिवंडीच्या गोदामात अमुक वाजता उतरले पाहिजे, नाहीतर भाड्यातून कपात. नाशिकला माल भरायला दोन तास उशीर करतो व्यापारी, आणि ते दोन तास भरून काढायचे ड्रायव्हरने, आसनगावच्या माणसांमधून गाडी काढून.

मोटार वाहन कायद्यात याविषयी एक कलम आहे, ते आमच्या बहुतेक वाचकांच्या पाहण्यात नसेल. कलम १८३ वेगाच्या दंडाचे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जड वाहनाला हा दंड २ ते ४ हजार रुपये आहे. हा दंड चालवणाऱ्याला आहे, तसाच आपल्या नोकराला तसे चालवायला लावणाऱ्यालाही आहे. याच कलमाचे चौथे पोटकलम म्हणते की, प्रवास अमुक वेळेत पुरा करा असा हुकूम दिला, आणि वेगमर्यादा मोडल्याशिवाय तो पाळणे शक्य नव्हते असे कोर्टाला दिसले, तर तो हुकूमच हुकूम देणाऱ्याविरुद्ध सकृद्दर्शनी पुरावा ठरतो. म्हणजे फोनवरचे 'चारच्या आत पोहोच' हे वाक्य उद्या कोर्टात उभे राहू शकते. ई-चलनांविरुद्ध वाहतूकदारांनी जुलै २०२५ मध्ये राज्यभर संप पुकारला. चलनांबद्दलच्या तक्रारी खऱ्या असतीलही, पण त्या गदारोळात मुदत घालणाऱ्याचे नाव निघाल्याचे आमच्या ऐकण्यात नाही.

तेव्हा आमचे मत असे. ट्रकला ८० पुरेसे आहेत, ते वाढवू नयेत. आसनगावसारख्या वस्तीजवळ मर्यादा त्याहून खाली आणावी, पण नुसती पाटी रंगवून नव्हे. माणसांना ओलांडायला धड वाट, रात्री दिवे आणि ड्रायव्हरला आधीपासून दिसेल असा इशारा हवा. आणि सैल करायचेच असेल तर व्यापाऱ्यांनी मुदत सैल करावी. बिल्टीवर पोहोचण्याची वेळ लिहितात, तशी माल भरून गाडी सुटल्याची वेळही लिहावी आणि तिच्यावर भरणाऱ्याची सही घ्यावी. उशीर नाशिकच्या गोदामात झाला की रस्त्यात, हे त्या दोन आकड्यांवरून कळेल, आणि कपात कोणाच्या पैशातून करायची तेही.