रूळ, उतार आणि सायकलस्वार

बेळगावच्या टिळकवाडीत ‘पहिले गेट’, ‘दुसरे गेट’ अशा नावांनीच ओळखल्या जाणाऱ्या रेल्वेफाटकांवर, मृगाच्या सरींनी रूळ निसरडे झाले असता, जो सायकलस्वार ते तिरपे ओलांडू पाहतो, त्याचे पुढचे चाक रुळालगतच्या खाचेत अडकते व हँडल वळेनासे होताच तो भूमीवर येतो. कारण सायकल ज्या बाजूस कलते त्याच बाजूस चाक किंचित वळत राहण्यावरच तिचा तोल अवलंबून असतो. रूळ काटकोनातच ओलांडावेत, हे मला दुसऱ्या गेटावर पडल्यानंतर कळले. डब्यातली भाकरी चिखलात गेली होती, गुडघ्यात खडी रुतली होती, आणि बुट्टी खाली ठेवून धावत आलेली भाजीवाली मावशी “लागलं काय रे बाळा?” म्हणत पदराने रक्त टिपत होती.

निपाणीजवळच्या तवंदी घाटात पडण्याचे कारण निराळे. उतारावर भयाने केवळ पुढचा ब्रेक करकचून दाबला, तर चाक थांबते, शरीर थांबत नाही, आणि स्वार हँडलवरून पुढे फेकला जातो. सबब वेग वळणापूर्वीच, दोन्ही ब्रेकांनी, हळूहळू आवरावा. पडताना हात आपसूक पुढे जातो. तेव्हा मनगट किंवा हासळीचे हाड मोडण्याचा संभव मोठा असतो.