डोंगराचे नेढे

सुईच्या ज्या भोकात आपण दोरा ओवतो, त्याला नेढे म्हणतात. डोंगराच्या कड्याला आरपार भोक असले, तर त्यालाही हेच नाव. राजगड व रतनगडाची नेढी प्रसिद्ध आहेत. सुरतेहून आपण सप्तशृंगीच्या दर्शनाला जातो, तेव्हा पायथ्याच्या नांदुरीहून कळवणच्या वाटेवर, मोहनदरी गावामागच्या डोंगरातही नेढे दिसते. देवी आणि महिषासुराच्या युद्धात ते पडले, अशी कथा सांगतात.

शास्त्राप्रमाणे हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा खडक. अरुंद कड्याच्या भेगांत पाणी मुरते, दगड झिजतो, तुकडे गळून पडतात आणि वरचा भक्कम भाग कमानीसारखा उरतो. अमेरिकेतील युटाच्या वाळवंटात अशा कमानी वालुकाश्मात आहेत.

नेढ्यात बसून सूर्यास्त पाहण्याचा मोह होतो. परंतु आपल्याकडे सूर्य मावळल्यावर जेमतेम २५ मिनिटे उजेड टिकतो आणि घसाऱ्यावरून उतरणे चढण्यापेक्षा कठीण असते. म्हणून पालकांनी मुलांना घेऊन उजेडातच खाली यावे. सूर्यास्त गावातून पाहावा. नेढ्यातले आकाश तेथूनही दिसते.