हातात पेन्सिल घेऊन वाचावयाची पुस्तके

पुस्तके नाना प्रकारची असतात. गोष्टीचे पुस्तक अंथरुणावर पडल्या पडल्या वाचले तरी चालते. परंतु काही पुस्तके अशी असतात की, ती वाचावयास बसताना कोरा कागद, पेन्सिल आणि प्रसंगी कात्रीही जवळ घ्यावी लागते. अशा पुस्तकांचे विख्यात लेखक म्हणजे मार्टिन गार्डनर. १९१४ साली अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात, टल्सा या शहरी त्यांचा जन्म झाला. गणितातील करमणूक, जादूचे प्रयोग, विज्ञानाच्या नावावर चालणारी भोंदूगिरी, आरोग्य, तत्त्वज्ञान, नीती अशा विविध विषयांवर त्यांनी सत्तरांहून अधिक पुस्तके लिहिली. २०१० साली ते निवर्तले. नवल हे की, ज्या गणितामुळे त्यांची कीर्ती झाली, ते गणित शाळा सुटल्यानंतर ते कोणत्याही वर्गात बसून शिकले नव्हते. शिकागो विद्यापीठात त्यांनी पदवी मिळविली ती तत्त्वज्ञानाची.

त्यांच्या गणितविषयक लेखनाचा उगम कागदाच्या एका पट्टीत आहे. १९३९ साली आर्थर स्टोन नावाचा एक इंग्रज विद्यार्थी अमेरिकेत प्रिन्स्टन येथे शिकत होता. अमेरिकेतील कागद इंग्लंडातील कागदाहून थोडे रुंद असल्यामुळे ते त्याने मायदेशाहून आणलेल्या फायलीत मावत ना. म्हणून तो कागदाची कड कापून टाकी. उरलेल्या पट्ट्यांशी सहज चाळा करीत असता त्याने त्यांना समभुज त्रिकोणांच्या घड्या घातल्या, आणि त्यांतून एक चमत्कारिक षट्कोन तयार झाला. त्याचे कोपरे चिमटीत धरून मध्यभागी उघडले की फूल उमलावे तसा तो उमले, आणि आत दडलेली तिसरीच बाजू वर येई! या खेळण्याचे गणित शोधून काढण्यासाठी स्टोनच्या मित्रांनी एक मंडळच स्थापन केले. पुढे १९६५ साली भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळविणारे रिचर्ड फाइनमन हे त्या मंडळाचे एक सभासद होते.

या षट्कोनावर गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ या मासिकाच्या डिसेंबर १९५६ च्या अंकात लेख लिहिला. तो वाचकांना इतका आवडला की, प्रकाशकांनी त्यांना विचारले, “अशा विषयांवर दरमहा लिहिता येईल काय?” गार्डनर यांनी तत्काळ होकार दिला, आणि मग ते न्यूयॉर्कमधील जुन्या पुस्तकांची दुकाने धुंडाळू लागले, कारण गणिताच्या करमणुकीचे एकही पुस्तक त्यांच्या घरी नव्हते. १९५७ च्या जानेवारीत सुरू झालेले हे सदर १९८१ पर्यंत चालले. त्यातील लेखांची पुढे अनेक पुस्तके झाली. एखादी कल्पना समजून घेण्यास आपल्याला फार कष्ट पडतात, म्हणूनच ती इतरांना समजेल अशा रीतीने लिहिता येते, असे ते म्हणत. या सांगण्यात विनय आहे. पण निव्वळ विनयच आहे असे नाही. जो वाटेत स्वतः अडखळला, त्याला खाचखळगे कोठे आहेत हे ठाऊक असते.

याच सदरातून महाराष्ट्रातील एका शाळामास्तरांचे नाव जगाला कळले. नाशिकजवळच्या देवळाली येथे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर १९३० पासून १९६२ पर्यंत शिक्षक होते. अंकांचे गुणधर्म शोधण्याचा त्यांना विलक्षण नाद. आपले शोध ते लहान लहान पुस्तिकांच्या रूपाने स्वतःच छापीत. त्या काळच्या पुष्कळ विद्वानांनी या पुस्तिकांकडे फारसे लक्ष दिले नाही. गार्डनर यांनी मात्र मार्च १९७५ च्या अंकात कापरेकरांच्या संशोधनाविषयी लिहिले.

कापरेकरांचा सर्वांत प्रसिद्ध शोध ६१७४ या संख्येचा होय. कोणतीही चार अंकी संख्या घ्या. मात्र तिचे चारही अंक सारखे नसावेत. ते अंक उतरत्या क्रमाने मांडून एक संख्या करा आणि चढत्या क्रमाने मांडून दुसरी. मोठीतून लहान वजा करा. येणाऱ्या वजाबाकीवर हीच क्रिया पुनः पुनः करीत राहा. कापरेकर १९०५ साली जन्मले, म्हणून १९०५ हीच संख्या घेऊ. ९५१० मधून ०१५९ वजा केले की ९३५१ उरतात. त्यापुढे क्रमाने ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि शेवटी ६१७४ येतात. आता ६१७४ वर तीच क्रिया करून पाहा: ७६४१ वजा १४६७, म्हणजे पुनः ६१७४! या मुक्कामाला पोहोचण्यास फार तर सात पायऱ्या लागतात. कापरेकरांच्या जन्मवर्षाला त्या सातही चढाव्या लागल्या, हा एक गमतीचा योगायोग.

येथे एक गोष्ट ध्यानात येईल. वरील विधानावर कोणी विश्वास ठेवावा अशी कापरेकरांची अपेक्षा नाही, गार्डनर यांचीही नाही. वहीचे अर्धे पान खर्च केले की शंका फिटते. गार्डनर यांचे वाचक खरोखरच पडताळा पाहत असत, याचा पुरावा पुढच्याच महिन्यात मिळाला. पाश्चात्त्य देशांत १ एप्रिलला थट्टा करण्याची रूढी आहे. एप्रिल १९७५ च्या लेखात गार्डनर यांनी गंभीर चेहऱ्याने काही खोटे शोध घुसडून दिले. त्यांपैकी एक असा की, शेजारचे प्रदेश वेगळे दिसावेत म्हणून ज्याला पाच रंग लागतातच, असा नकाशा सापडला आहे. सोबत तो नकाशाही छापला होता. झाले! पत्रांचा पाऊस पडला. कित्येकांनी तोच नकाशा चार रंगांत रंगवून पाठविला. कोणत्याही नकाशाला चार रंग पुरतात, हे पुढील वर्षी, म्हणजे १९७६ साली, सिद्ध झाले.

गणितात असा पडताळा घरबसल्या पाहता येतो. आरोग्याच्या पुस्तकांची गोष्ट निराळी, आणि तेथे चुकीची किंमतही मोठी. १९५२ साली गार्डनर यांनी विज्ञानाच्या नावावर चालणाऱ्या खुळांविषयी एक पुस्तक लिहिले. १९५७ मध्ये ते नव्या नावाने पुनः निघाले. त्यातील एक प्रकरण चष्मे फेकून द्यावयास सांगणाऱ्यांविषयी आहे. न्यूयॉर्कचे नेत्रवैद्य विल्यम बेट्स यांनी १९२० साली चष्म्यावाचून दृष्टी सुधारण्याची रीत सांगणारे पुस्तक प्रसिद्ध केले होते. जवळचे पाहताना डोळ्यातील भिंग आपला आकार बदलीत नाही, बाहेरचे स्नायू सबंध डोळाच लांबवितात, असे त्यांचे मत. वस्तुतः भिंगाचाच आकार बदलतो, हे पूर्वीच सिद्ध झालेले होते. डोळे मिटून त्यांवर तळवे ठेवणे हा त्यांचा एक उपाय. त्याने डोळ्यांना विश्रांती मिळते, अपाय काही नाही. परंतु सूर्याकडे पाहण्याचाही उपाय त्यांनी सांगितला होता. आणि सूर्याकडे थेट पाहिल्याने डोळ्याच्या आतील पडदा कायमचा भाजू शकतो. शिवाय काचबिंदूसारखा रोग असलेला मनुष्य अशा उपायांत दिवस घालवीत बसला, तर गेलेली दृष्टी परत येत नाही. आपले डोळे पणाला लावून पडताळा पाहणे हे शहाणपणाचे नव्हे. म्हणून अशा पुस्तकापुढे वाचकाने विचारावयाचे प्रश्न वेगळे: हा उपाय किती रोग्यांवर करून पाहिला? ज्यांना गुण आला नाही, त्यांची नोंद कोठे आहे? इतर वैद्यांनी तो तपासला आहे काय?

हे पुस्तक वाचून चिडलेल्या वाचकांची पत्रे गार्डनर यांच्याकडे येत. त्यांत मोठी मौज असे. बहुतेकांचा आक्षेप एकाच प्रकरणावर, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या आवडत्या मतावर टीका करणाऱ्या प्रकरणावर असे. बाकीची प्रकरणे त्यांना उत्तम वाटत!

नीतीच्या बाबतीत मात्र वजाबाकी करून उत्तर येत नाही, की प्रयोगशाळेत जाऊनही नाही. १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात गार्डनर यांनी आपल्या श्रद्धा आणि आपली मते एकेक करून मांडली. नीती ही केवळ देशोदेशीच्या चालीरीतींवर अवलंबून असते, हे मत त्यांना मान्य नव्हते. आयुष्यभर पुरावे मागणाऱ्या या लेखकाचा परमेश्वरावर विश्वास होता. मात्र तो सिद्ध करता येत नाही, ही केवळ आपली श्रद्धा आहे, असे त्यांनी उघडपणे लिहून ठेवले. श्रद्धेला त्यांनी पुराव्याचे सोंग दिले नाही.

त्याच वर्षी डिसेंबरात न्यूयॉर्कच्या एका नामांकित नियतकालिकात या पुस्तकावर परीक्षण आले. जॉर्ज ग्रोथ नावाच्या परीक्षकाने पुस्तकावर सडकून टीका केली होती. परीक्षणाच्या अखेरच्या ओळीत वाचकांना असे कळले की, जॉर्ज ग्रोथ हे मार्टिन गार्डनर यांचेच टोपणनाव आहे.