उजान बाजारची सकाळ

डिसेंबर. पहाटेचे पावणेसहा, आणि गुवाहाटीत चक्क फटफटलंय. पुण्यात या वेळी मिट्ट काळोख असतो. दवाने निसरड्या झालेल्या पायऱ्या मी जपून उतरते. उजान बाजारचा घाट. 'उजान' म्हणजे प्रवाहाची वरची बाजू. समोर ब्रह्मपुत्र आहे, पण दिसतं ते नुसतं धुकं. त्यातून आधी पाण्याची चुबुकचुबुक येते, मग नावेचं टोक.

नाव काठाला लागते आणि घाटाला कंठ फुटतो. मासळीच्या पाट्या उतरतात. रोहू ओळखीचा. त्याच्या शेजारी पसरलाय तो कोण?

"चितल, बाइदेउ," कोळी सांगतो. बाइदेउ म्हणजे ताई.

आपलं चितळ रानात चरतं, इथलं पाण्यात पोहतं! मी वाकून बघते. पाठीला कुबड, अंग सुरीच्या पात्यासारखं चपटं, पोटाखालून शेपटीपर्यंत झालरीसारखा एकच लांब पर. चंदेरी अंगावर शेपटीजवळ काळे ठिपके, बोटाने शाई टेकवावी तसे.

"किमान?" एक गिऱ्हाईक विचारतं. मी चमकते. असमियात किमान म्हणजे 'किती'. इतक्या लांब आपलाच शब्द भेटतो, वेगळा अर्थ लेवून.

आठ वाजता उमानंद बेटाकडे निघालेल्या होडीत बसते. धुकं विरतं आणि शहर उलगडतं: टेकड्यांच्या कुशीत दाटलेली घरं, पश्चिमेला कामाख्येचा नीलाचल. नावाडी या पाण्याला 'लुइत' म्हणतो. ही नदी नव्हे, नद. गोदा, कृष्णा, भीमा आपल्या माउल्या. हा बाप आहे. हिवाळ्यात ओसरलेला, तरी पलीकडचा काठ नुसती एक निळी रेघ.

मला पाण्यावरून नजर काढवत नाही. 1671 मध्ये इथेच, सराईघाटच्या लढाईत, आसामवर राज्य करणाऱ्या आहोमांचा आजारी सेनापती लाचित बोरफुकन नावेत चढला आणि त्यांच्या छोट्या होड्यांनी मोगलांचं आरमार मागे रेटलं. मोगलांचा सेनापती होता रामसिंह. मिर्झाराजे जयसिंगांचा मुलगा, आग्र्यात शिवरायांसाठी जामीन राहिलेला तोच! महाराज निसटले, रामसिंहावर बादशहाची गैरमर्जी झाली, आणि पुढे त्याची रवानगी झाली ती या मुलखात. शाळेत आपण त्याला आग्र्यातच सोडून दिलं होतं. त्याची पुढची गोष्ट इथे वाहते आहे.

बेटाच्या पायऱ्या चढून 1694 च्या शिवमंदिरात हात जोडते, पण मन खाली पाण्यातच.

परतते तेव्हा घाट धुऊन निघालाय. चितल केव्हाच विकला गेलाय. कोपऱ्यात एक आजी तामोल-पान घेऊन बसली आहे, ओली सुपारी आणि हिरवीगार पानं. मी तिच्यासमोर उकिडवी बसते.

"किमान?"

आजी हसते आणि दोन्ही हातांचे पंजे उघडून दाखवते.