मल्टिफोकल लेन्स बसवली, तरी धड का दिसत नाही?

हा या भागाचा लिखित मजकूर. ऐकताना आकडे आणि नावं निसटून जातात, म्हणून थोडं आवरून लिहिलंय, भाषा मात्र बोलण्यातलीच आहे. आजचा विषय आपल्या वयाचा नाही, आईबाबांच्या, काका-मावशीच्या वयाचा आहे. पण रिपोर्ट व्हॉट्सॲपवर आपल्यालाच येतात आणि "जरा नेटवर बघून सांग की" हेही आपल्यालाच ऐकावं लागतं. मी डॉक्टर नाही, कोड लिहितो. त्यामुळे यातलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. पण डॉक्टरांना काय विचारायचं, ते इथून घेऊन जा.

तर होतं असं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, जास्तीचे पैसे भरून मल्टिफोकल लेन्स बसवली. डॉक्टर म्हणतात, "तक्त्यावरची शेवटची ओळ वाचताय, सगळं उत्तम." आणि घरी आलेला माणूस म्हणतो, "मला धड दिसत नाही." गंमत म्हणजे दोघंही खरं बोलत असतात.

आपल्या डोळ्यातली मूळ लेन्स लवचीक असते. जवळचं बघायचं असेल तर ती आकार बदलते. चाळिशीनंतर ती कडक होत जाते, म्हणून तर 'चाळिशी' लागते. पुढे तीच लेन्स गढूळ झाली की तो मोतीबिंदू. ऑपरेशनमध्ये ही गढूळ लेन्स फोडून बाहेर काढतात आणि ती ज्या पातळ पिशवीत होती, त्याच पिशवीत कृत्रिम लेन्स बसवतात. ही कल्पना हॅरल्ड रिडली या लंडनच्या डॉक्टरांची. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या काचेचे, खरं तर पर्स्पेक्स प्लॅस्टिकचे, तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत घुसायचे. पण डोळा ते निमूट सहन करतो, हे त्यांनी पाहिलं होतं. १९४९ मध्ये त्यांनी त्याच जातीच्या प्लॅस्टिकची लेन्स पहिल्यांदा माणसाच्या डोळ्यात बसवली.

साधी, म्हणजे मोनोफोकल लेन्स एकाच अंतरावर फोकस करते. लांबचं छान दिसतं, वाचायला चष्मा लागतो. मल्टिफोकलवर बहुतेक वेळा अगदी बारीक गोल कडी कोरलेली असतात, आणि ती येणारा प्रकाश वाटून टाकतात: काही लांबच्या फोकसला, काही जवळच्या. इथे नीट लक्ष द्या. ही लेन्स कॅमेऱ्यासारखी फोकस बदलत नाही. लांबची आणि जवळची अशा दोन्ही प्रतिमा एकाच वेळी डोळ्याच्या पडद्यावर पडतात, आणि कुठली बघायची ते मेंदू ठरवतो. जुन्या पद्धतीच्या, समान वाटणी करणाऱ्या दोन फोकसच्या लेन्समध्ये साधारण ४१ टक्के प्रकाश लांबच्या प्रतिमेला, ४१ टक्के जवळच्या प्रतिमेला मिळतो आणि उरलेला १८ टक्के कुणाच्याच कामी येत नाही. भर दुपारी हे जाणवत नाही. संध्याकाळी जाणवतं. शिवाय समोरून येणाऱ्या गाडीच्या हेडलाइटची एक प्रतिमा स्पष्ट आणि तिच्यावरच दुसरी पसरट, म्हणजे दिव्याभोवती कडं. आमच्या भाषेत सांगायचं तर हा बग नाही, डिझाइनच तसं आहे. पण ज्याला वापरायचंय त्याला ते आधी सांगायला हवं.

आता तक्त्याचं. तक्ता म्हणजे पांढऱ्यावर काळी अक्षरं, उजेड भरपूर. खरं जग एवढं सोपं नसतं. माझी मावशी सांगलीला ब्लाऊज शिवते. दोन्ही डोळ्यांत दोन फोकसवाली लेन्स. मोबाईल वाचते, रस्त्यावरची पाटी वाचते. पण काळ्या कापडावरची काळी शिलाई संध्याकाळनंतर तिला दिसेना. यात दोन अडचणी एकत्र आल्या होत्या. एक, रंगातला बारीक फरक ओळखणं, ज्याला कॉन्ट्रास्ट म्हणतात, ते या लेन्समध्ये थोडं कमी होतं. दुसरी म्हणजे शिलाई मशीनची सुई बसते जवळच्या आणि लांबच्या फोकसच्या मधे, जिथे तिच्या लेन्सला धड काहीच दिसत नाही. तीन फोकसच्या लेन्समध्ये हे मधलं अंतर बरंचसं भरून निघतं. ऑपरेशनच्या आधी तिला कुणीच विचारलं नव्हतं की तुम्ही काम काय करता, हे मला अजूनही खटकतं.

बरं, मग करायचं काय? आधी लेन्सचा स्वभाव आणि दुरुस्त होणाऱ्या गोष्टी वेगळ्या करायच्या. सगळ्यात जास्त सापडणारी गोष्ट म्हणजे उरलेला नंबर, त्यातही सिलिंड्रिकल. साध्या लेन्समध्ये पाऊण नंबर माणूस चालवून घेतो, मल्टिफोकलमध्ये तोच धूसरपणा आणतो. नंबर काढताना फक्त मशीनवर अवलंबून राहू नका, एकेक काच लावून हाताने तपासायला सांगा, कारण ही लेन्स मशीनलाही फसवू शकते. दुसरी गोष्ट डोळ्यांचा कोरडेपणा. ऑपरेशननंतर तो वाढतो, आणि अश्रूंचा थर बिघडला की चांगल्या लेन्सचाही उपयोग होत नाही. ओळखायची खूण सोपी आहे: दिसणं मिनिटामिनिटाला बदलतं, पापणी मिटली की क्षणभर स्वच्छ होतं. तिसरं, पडद्याच्या मध्यभागी सूज. ही ऑपरेशननंतर काही आठवड्यांनी येऊ शकते, मधुमेह असेल तर जास्त शक्यता. त्यासाठी ओसीटी नावाचा स्कॅन असतो, त्याला दुखत-बिखत काही नाही.

आणि चौथं, ज्यासाठी खरं तर मी हा भाग केला. लेन्स ज्या पिशवीत बसवली, तिची मागची बाजू काही महिन्यांनी किंवा वर्षांनी धुरकट होऊ शकते. मग याग लेझरने तिला मधोमध छोटं भोक पाडतात. पाच-दहा मिनिटांचं काम, आणि कारण खरंच तेच असेल तर फार छान फरक पडतो. पण तक्रार पहिल्या आठवड्यापासूनची असेल आणि तेव्हा पिशवी स्वच्छ होती, तर दोष पिशवीचा नाही. अशा वेळी "लेझर मारून बघू" असं कुणी म्हटलं तर थांबा. एकदा भोक पडलं की पुढे लेन्स बदलायची वेळ आल्यास ते ऑपरेशन अवघड आणि जास्त जोखमीचं होतं. म्हणून सरळ विचारा: पिशवी खरंच धुरकट आहे का? आणि लेन्स बदलावी लागणार नाही याची खात्री झाली आहे का?

"सवय होईल, थांबा" हे वाक्य तुम्ही ऐकलंच असेल. ते टाळण्यासाठी म्हटलेलं असतं असं नाही. नको असलेली प्रतिमा बाजूला सारायला मेंदू खरंच शिकतो, त्याला साधारण तीन ते सहा महिने लागतात, काहींना वर्षही. काहींना मात्र सवय होतच नाही, आणि त्यांच्यासाठी लेन्स काढून साधी बसवणं हा पर्याय असतो. ती बदलणं सुरुवातीच्या महिन्यांत सोपं असतं, नंतर पिशवी लेन्सला चिकटत जाते. म्हणजे थांबायचंही आहे आणि फार उशीरही करायचा नाही. त्यामुळे या थांबण्याच्या काळातच वरच्या सगळ्या तपासण्या उरकून घ्या, आणि कुठल्या वेळी, कुठल्या कामाला, किती अंतरावर दिसत नाही हे लिहून ठेवा. "दिसत नाही" यापेक्षा "सातनंतर हातभर अंतरावरचं काळं दिसत नाही" हे डॉक्टरांच्या जास्त उपयोगाचं.

एक डोळा झालाय आणि तोच त्रास देतोय, तर दुसऱ्याची घाई नको. दोन डोळ्यांत ताळमेळ नाही म्हणूनही त्रास होतो आणि दुसरा झाला की तो कमी होतो, हे खरं. पण कारण समजल्यावरच दुसऱ्या डोळ्यात कुठली लेन्स ते ठरवा.

रोजच्या कामात सगळ्यात मोठा फरक उजेडाने पडतो. दिवा डोळ्यांसमोर नको, खांद्यामागून कामावर पडेल असा हवा. वाचताना कागद पुढे-मागे करून स्पष्ट दिसणारी जागा शोधा, बहुधा ती पस्तीस-चाळीस सेंटिमीटरच्या आसपास असते. आणखी जवळ नेलं तर जास्त दिसेल असं नाही. मावशीने मशीनच्या अंतरासाठी वेगळा चष्मा करून घेतला. "चष्मा नको म्हणून एवढे पैसे भरले आणि आता चष्माच घालू?" असं म्हणत तीन आठवडे तिने तो डब्यातून काढलाच नाही. आता काळं काम ती सकाळी दाराशी बसून करते आणि शिलाईच्या जागी आधी पांढऱ्या खडूची रेघ मारते.

मोबाईलमध्ये अक्षर मोठं आणि ठळक करून द्या. डार्क मोड सगळ्यांना मानवत नाही: स्क्रीन काळा झाला की बाहुली मोठी होते आणि पांढरी अक्षरं फुटल्यासारखी दिसतात. पण ज्यांना झगझगीत उजेडाचाच त्रास आहे त्यांना तोच बरा वाटू शकतो. दोन्ही लावून बघा, पाच मिनिटांचं काम आहे. रात्री गाडी चालवणं मात्र कड्यांची सवय होईपर्यंत बंदच ठेवा. हेल्मेटच्या काचेवर ओरखडे असतील तर काच बदला. ऑनलाइन मिळणारे पिवळे 'नाइट ड्रायव्हिंग' चष्मे उलट आहे तो प्रकाश अजून कमी करतात. बाहुली लहान करणारे थेंब काही डॉक्टर संध्याकाळसाठी देतात, ते शेजाऱ्यांच्या बाटलीतून घ्यायचे नाहीत.

डोळा दुखतोय, लाली वाढतेय, नजर एकदम कमी झाली, अचानक खूप काळे ठिपके दिसायला लागले, वीज चमकल्यासारखं दिसलं किंवा बाजूने पडदा सरकल्यासारखं वाटलं, तर हे सवयीचं प्रकरण नाही. त्याच दिवशी डॉक्टर गाठा, रविवार असला तरी.

आणि आज रात्री एक काम करा. ऑपरेशनच्या फाइलमध्ये लेन्सचं कार्ड किंवा स्टिकर असतं, त्यावर मॉडेल, नंबर आणि सिरीयल नंबर असतो. त्याचा फोटो काढून ठेवा. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायला गेलात तर ते पहिल्यांदा तेच मागतील.