रेंज फुल, तरी नेट स्लो? यामागे टीसीपीचा एक जुना गैरसमज आहे

मोबाईलवर रेंजच्या सगळ्या दांड्या दिसतायत, तरी व्हिडिओवरचं चक्र गोल गोल फिरतंच आहे. असा अनुभव न आलेला माणूस सापडणं अवघड. टॉवरवरची गर्दी हे त्याचं नेहमीचं कारण. पण आणखी एक कारण असं होतं, ज्याने इंजिनिअर लोकांना कित्येक वर्षं छळलं. रस्ता मोकळा असूनही इंटरनेट स्वतःच ब्रेक दाबायचं.

हे समजून घ्यायचं तर आधी इंटरनेटमधली कामाची वाटणी बघावी लागेल.

रील असो की फोटो, सगळं छोट्या तुकड्यांत येतं. या तुकड्यांना पॅकेट म्हणतात. ते पोचवण्याचं काम थरांमध्ये वाटलेलं आहे. सगळ्यात खालचा थर हवेतून सिग्नल पाठवतो. त्याच्या वरचा थर कुणी कधी बोलायचं ते ठरवतो. त्यावरचा आयपी पत्ता बघून रस्ता शोधतो. टीसीपी सगळी पॅकेट पोचली का ते तपासतो आणि पाठवण्याचा वेग ठरवतो. सगळ्यात वर ॲप. प्रत्येकाने आपलं काम करायचं, दुसऱ्याच्या कामात नाक खुपसायचं नाही. म्हणूनच ४जी जाऊन ५जी आलं तरी व्हॉट्सॲप नव्याने लिहावं लागत नाही.

मग गडबड कुठे झाली?

ऑक्टोबर १९८६. अमेरिकेतली लॉरेन्स बर्कली लॅब आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाचा बर्कली कॅम्पस यांच्यात अंतर होतं जेमतेम ४०० यार्ड. पण नेटवर्कवर इतकी कोंडी झाली की वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून थेट ४० बिटांवर आला. व्हॅन जेकबसन यांनी याचा छडा लावला आणि १९८८ मध्ये त्यावरचा उपाय मांडला. पॅकेट हरवलं म्हणजे पुढे गर्दी आहे असं समजायचं आणि वेग कमी करायचा.

तारांच्या जगात हे बरोबर होतं, कारण तारेत पॅकेट सहसा गर्दीमुळेच हरवतं. हवेत तसं नसतं. मध्ये भिंत आली, लिफ्टचं दार बंद झालं, गाडी बोगद्यात शिरली, तरी पॅकेट जातं. टीसीपीला यातलं काहीच दिसत नाही, कारण ही माहिती खालच्या थराकडे असते. म्हणजे रस्त्यात फक्त एक खड्डा लागला आणि ड्रायव्हरने पुढे ट्रॅफिक आहे समजून वेग निम्मा केला, असा प्रकार.

१९९५ मध्ये बर्कलीतच हरी बालकृष्णन आणि सहकाऱ्यांनी यावर 'स्नूप' नावाची युक्ती काढली. वायरलेस टॉवरने पॅकेटची एक प्रत जवळ ठेवायची. हवेत पॅकेट हरवलं तर तिथूनच पुन्हा पाठवायचं आणि फोनची तक्रार सर्व्हरपर्यंत जाऊच द्यायची नाही. खालच्या थराने वरच्या थराची भाषा वाचली आणि गैरसमज टळला. थरांनी एकमेकांना माहिती देऊन काम करण्याच्या या पद्धतीला 'क्रॉस-लेयर डिझाईन' म्हणतात.

आज हीच कल्पना प्रत्येकाच्या खिशात आहे. ४जी फोन आपला सिग्नल कसा आहे हे टॉवरला सतत कळवतो, तेही ० ते १५ अशा मार्कांत. टॉवर ते बघून डेटा किती वेगाने पाठवायचा आणि पुढची पाळी कुणाची, हे दर मिलीसेकंदाला ठरवू शकतो. व्होल्टी कॉल सुरू झाला की 'हा आवाज आहे, याला थांबवू नका' असा निरोप वरून थेट रेडिओपर्यंत जातो. म्हणूनच शेजारी कुणी सिनेमा डाऊनलोड करत असलं तरी कॉल सहसा तुटत नाही.

मग सगळेच थर एकत्र का करून टाकत नाहीत?

कारण त्यातही धोका आहे. २००५ मध्ये विकास कवाडिया आणि पी. आर. कुमार यांनी याचं एक उदाहरण दिलं. एका थराने ठरवलं, सिग्नल चांगला असेल तर वेग वाढवू, कमजोर असेल तर कमी करू. दुसऱ्याने ठरवलं, कमीत कमी टप्प्यांचा रस्ता निवडू. दोन्ही गोष्टी ऐकायला शहाणपणाच्याच. पण टप्पे कमी म्हणजे प्रत्येक टप्पा लांबचा. लांबच्या टप्प्यावर सिग्नल कमजोर, आणि सिग्नल कमजोर म्हणून वेगही कमी. सुधारणा करायला गेले आणि नेटवर्क आधीपेक्षा संथ झालं.

दुसरी अडचण गुप्ततेची. यूट्यूब वापरत असलेल्या 'क्विक' या प्रोटोकॉलमध्ये पॅकेट मिळाल्याची पोचपावतीसुद्धा कुलूपबंद असते. मधल्या टॉवरला ती वाचताच येत नाही, त्यामुळे स्नूपसारखी युक्ती तिथे चालत नाही.

म्हणजे टॉवरला जास्त दिसलं तर वेग वाढू शकतो, पण तेवढंच वापरणाऱ्याचं जास्त उघडं पडतं. नेटवर्क बनवणाऱ्यांची आजची खरी कसरत हीच आहे, कोणत्या थराने कुणाला नेमकं किती सांगायचं.