ऑर्डरच्या कचेरीत दुचाकींचा मुक्काम

१४८४ मध्ये जर्मनीतलं नेकारसुल्म हे गाव माइन्झच्या आर्चबिशपांकडून ट्युटॉनिक ऑर्डर या धर्मयोद्ध्यांच्या संघाकडे आलं. पुढची तीन शतकं या परिसराचा कारभार इथल्या गढीतून चालला. नेपोलियनच्या काळात ती व्युर्टेम्बर्ग राज्याकडे गेली. १ मार्च १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जुनं गाव उद्ध्वस्त झालं, गढीलाही झळ बसली. दुरुस्तीनंतर १९५६ मध्ये तिथे दुचाकींचं संग्रहालय सुरू झालं. इमारतीचा याहून चांगला उपयोग सुचणं कठीण! एनएसयू या दुचाकी कारखान्यातल्या ज्या कामगारांच्या कष्टांवर हे गाव वाढलं, त्यांनी घडवलेल्या गाड्या आता राज्यकर्त्यांच्या दालनांत मानाने उभ्या आहेत. हा कारखाना १८८० मध्ये इथे आला. १८८६ पासून सायकली, १९०१ पासून मोटारसायकली बनवू लागला. १९६९ मध्ये तो ऑटो युनियन या कंपनीत विलीन झाला. आज तिथे ऑडीच्या मोटारी बनतात.